भेदभावाचा अनुभव देणारी प्रात्यक्षिके : कोकणातल्या नव्या शिक्षकांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

वर्णभेद वाईट आहे, हे आठवीतल्या कोणत्याही मुलाला पाठ असते. परीक्षेत त्यावर चार ओळी लिहून तो गुण मिळवतो आणि त्याच संध्याकाळी घराशेजारच्या आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी माणसाला ‘ए बहादूर’ अशी हाक मारतो. त्या माणसाचे खरे नाव काय, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण त्याच्या घरात तो कोणालाच पडलेला नसतो. पाठ केलेले आणि अंगवळणी पडलेले यांच्यातले हे अंतर व्याख्यानाने कमी होत नाही. ते कमी करण्यासाठी मुलांना काही काळ स्वतः अनुभव घेऊ द्यावा लागतो आणि त्या अनुभवाबद्दल त्यांना मनापासून बोलू द्यावे लागते.

गेली काही वर्षे मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांत, कनिष्ठ महाविद्यालयांत आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत अशी प्रात्यक्षिके घेत आले आहे. ज्यांना हे काम पहिल्यांदाच हाती घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझ्या हातून झालेली एक मोठी चूकही मी यात सांगितली आहे, कारण त्या चुकीची किंमत मी नाही, दुसऱ्याने मोजली.

मूळ प्रात्यक्षिक आणि त्याच्या मर्यादा

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिस येथे हत्या झाली. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या राइसव्हिल या लहान गावात जेन एलियट नावाच्या शिक्षिकेसमोर तिसरीचा वर्ग बसला होता. गाव गोऱ्यांचे होते आणि वर्गातली सगळी मुलेही गोरीच होती, त्यामुळे कातडीच्या रंगावरून अपमान होणे म्हणजे काय, हे त्यांना सांगून कळणे अवघड होते. एलियटबाईंनी वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले आणि निळ्या डोळ्यांची व तपकिरी डोळ्यांची मुले यांत एक गट जन्मतः हुशार आणि दुसरा कमी प्रतीचा असतो, असे ठामपणे सांगितले. वरच्या गटाला जास्त वेळाची सुट्टी मिळाली, कौतुक मिळाले. खालच्या गटाच्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवले गेले. पुढे हे सगळे उलटे करण्यात आले.

हा प्रयोग त्यांनी पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबरही केला आणि १९७० मध्ये त्याचे चित्रीकरण झाले. त्यातला एक प्रसंग नवख्या माणसाने नीट समजून घ्यावा असा आहे. तपकिरी डोळ्यांच्या मुलांना वाचनाच्या पत्त्यांचा एक संच संपवायला, ‘खालचे’ ठरलेल्या दिवशी साडेपाच मिनिटे लागली. ‘वरचे’ ठरल्यावर त्यांनीच तसा संच अडीच मिनिटांत संपवला. मुले तीच होती, बुद्धीही तीच होती. आपल्याकडे ‘त्यांना जमतच नाही’ असे जे सहज बोलले जाते, त्याचे उत्तर या तीन मिनिटांच्या फरकात आहे.

तरीही हे प्रात्यक्षिक जसेच्या तसे उचलून कोकणात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मुले आठ-नऊ वर्षांची होती. एवढ्या लहान मुलांना दिवसभर अपमानाखाली ठेवण्यावर तेव्हापासून टीका होत आली आहे आणि मला ती पटते. शिवाय अशा एका दिवसाच्या अनुभवाने कमी झालेला पूर्वग्रह किती काळ कमी राहतो, यावर संशोधकांचे एकमत नाही. दुसरे कारण आपल्या मातीतले आहे. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे काळे किंवा तपकिरी असतात आणि घारे डोळे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच एका विशिष्ट जातीचे नाव येते. म्हणजे डोळ्यांवरून गट पाडले, तर आपण खोटा भेद निर्माण करणार नाही, खऱ्या जातिभेदालाच वर्गात बसायला जागा करून देऊ. रंग, उंची, आडनाव, बोली, गावाचे नाव किंवा वाडी, यांतल्या कशावरूनही गट पाडू नयेत. गट फक्त चिठ्ठीवर पडावेत.

चिठ्ठीने पडलेला गटसुद्धा पुरेसा असतो. १९७० च्या सुमारास हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून, उदाहरणार्थ दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडली यावरून, गट पाडल्याचे सांगितले आणि त्यांना पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकते माप तर दिलेच, पण दुसऱ्या गटापेक्षा आपण पुढे राहावे म्हणून आपल्या गटाचे थोडे नुकसानही सोसले.

तयारी

सहभागी किमान आठवीतले असावेत आणि संख्या चोवीस ते तीसच्या दरम्यान असावी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि पालकांना घरी चिठ्ठी पाठवावी. त्या चिठ्ठीत ‘मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम’ असे मोघम शब्द न लिहिता, काही वेळ मुलांना मुद्दाम असमान वागणूक दिली जाईल आणि त्यानंतर त्यावर सविस्तर चर्चा होईल, असे सरळ लिहावे. मुलांनाही आधी एवढे सांगावे की आज एक खेळ आहे, त्यात काही नियम अन्यायाचे वाटतील, आणि ज्याला थांबायचे असेल त्याने हात वर करून ‘थांबा’ म्हटले की त्याच्यापुरता खेळ तिथेच संपेल. असे आधी सांगितल्याने परिणाम कमी होतो, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही; पाच मिनिटांत मुले खेळ असल्याचे विसरतात.

एकट्याने हे काम करू नये. एकाने खेळ चालवावा आणि दुसऱ्याने कोपऱ्यात बसून फक्त पाहावे व लिहावे. कोणी कोणाकडे पाहून हसले, कोणी मान खाली घातली, कोणी नियमाविरुद्ध दुसऱ्या गटाला वस्तू दिली, हे सगळे वेळेसह नोंदवावे. चर्चेत मुले ‘आम्ही असे वागलोच नाही’ म्हणतात, तेव्हा ही वही उपयोगी पडते.

वेळेबाबत सांगायचे तर भातलावणी, गणपती, शिमगा आणि दहावी-बारावीच्या परीक्षा टाळाव्या लागतात, त्यामुळे दिवाळीनंतर जानेवारी अखेरीपर्यंतचे दिवस सर्वांत सोयीचे असतात. त्या काळात बागांतले राखणदारही आलेले असतात, याचा उपयोग पुढे होतो.

पहिले प्रात्यक्षिक : खोलीचा अर्ज

नवख्या माणसाने सुरुवात यानेच करावी. यात कोणाचाही अपमान होत नाही आणि तरीही आपल्या मनात काय दडलेले आहे ते कागदावर उतरते.

एकाच मजकुराचा अर्ज तीन प्रकारे लिहून काढावा. नवरा हॉटेलात स्वयंपाकी, बायको रुग्णालयात परिचारिका, एक लहान मुलगी, दोघांचे मिळून उत्पन्न इतके, अकरा महिन्यांसाठी दोन खोल्या हव्यात, असा मजकूर तिन्हींत शब्दशः सारखा ठेवावा. फरक फक्त एका ओळीत असावा : पहिले कुटुंब चिपळूणचे, दुसरे मणिपूरचे आणि तिसरे नेपाळचे. अर्ज मिसळून वाटावेत, म्हणजे प्रत्येकाला एकच अर्ज मिळेल आणि शेजाऱ्याचा अर्ज वेगळा आहे हे त्याला कळणार नाही. तुमच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असे समजा, असे सांगून तीन प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : खोली द्याल का, अनामत रक्कम किती घ्याल आणि कोणत्या अटी घालाल. नावे लिहायला लावू नयेत. वीस मिनिटांनी सगळे कागद गोळा करून, फळ्यावर तीन रकाने पाडून, एकेक उत्तर मोठ्याने वाचत लिहीत जावे.

एका कनिष्ठ महाविद्यालयात चिपळूणच्या रकान्यात ‘भाडे पाच तारखेच्या आत द्यावे’ एवढी एकच अट तीन-चार वेळा आली. नेपाळच्या रकान्यात त्याच वर्गातल्या मुलांनी लिहिले होते : ओळखीच्या माणसाची हमी हवी, पाहुणे आणू नयेत, रात्री दहानंतर दिवा बंद, विहिरीवर कपडे धुऊ नयेत. मणिपूरच्या रकान्यात ‘वास येईल असा स्वयंपाक करू नये’ ही अट तिघांनी घातली होती. सुके बांगडे आणि सोडे ज्यांच्या घरात वर्षभर असतात, त्या मुलांनी ती लिहिली होती. फळा भरल्यावर वर्गात कोणी बोलेना. पुढच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे नाही, माझ्या हातातल्या कागदावरच्या स्वतःच्या अक्षराकडे पाहत होती.

यावर कोणीतरी नक्की म्हणेल की, ‘त्या लोकांची आपल्याला माहिती नसते, म्हणून काळजी घ्यावी लागते.’ हे वाक्य खोडून काढू नये. चिपळूणच्या कुटुंबाची कोणती जास्तीची माहिती तुमच्याकडे होती, एवढाच प्रश्न विचारावा आणि थांबावे.

हा प्रकार आपल्याच वर्गापुरता नाही, हे सांगण्यासाठी दोन अभ्यासांचा उल्लेख पुरतो. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लाइनाथन या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच पात्रतेच्या नोकरीच्या अर्जांवर गोऱ्यांची वाटणारी नावे घातल्यावर कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे पन्नास टक्के जास्त बोलावणी आली. आपल्या देशात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये अशाच पद्धतीने दाखवून दिले की दलित आडनावाच्या पात्र उमेदवाराला खाजगी नोकरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता कमी असते.

दुसरे प्रात्यक्षिक : दोन फिती

हे पहिल्यापेक्षा अवघड आहे आणि एकदा तरी कोणा अनुभवी माणसाबरोबर पाहिल्याशिवाय ते चालवू नये. डब्यात निम्मे चिंचोके आणि निम्म्या कवड्या ठेवाव्यात व प्रत्येकाने न पाहता एक काढावी. चिंचोका आला त्याच्या मनगटाला पिवळी फीत, कवडी आली त्याला निळी. फीत गळ्यात बांधू नये. दोन्ही गटांना एकच काम द्यावे, उदाहरणार्थ कागदाची जेट्टी आणि तिला लागलेल्या पाच होड्या करणे. निळ्या गटाला टेबल, कात्र्या, डिंक आणि रंगीत कागद मिळतात. पिवळ्या गटाला जमीन, जुने वर्तमानपत्र आणि एक बोथट कात्री. निळ्यांनी प्रश्न विचारला की उत्तर मिळते. पिवळ्यांना ‘आधी नीट ऐकत जा’ असे सांगितले जाते. आवाज मात्र चढवू नये. भेदभाव बहुधा शांत, समंजस आवाजातच होतो आणि मुलांना तो तसाच ऐकू यायला हवा. शेवटी दोन्ही कामे टेबलावर ठेवून, साहित्यातल्या फरकाचा शब्दही न काढता, निळ्यांचे कौतुक करावे आणि पिवळ्यांना ‘मन लावून केले असते तर जमले असते’ असे म्हणावे.

हा भाग पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये. त्या पंचवीस मिनिटांत आपल्याला जे पाहायचे असते ते सगळे घडते. पिवळ्या गटातला एखादा आपल्याच गटाला नावे ठेवू लागतो. निळ्या गटातला कोणीतरी मास्तरांच्या आधी नियम सांगू लागतो. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी निळ्या गटातले एखादे मूल टेबलाखालून कात्री सरकवते. त्या मुलाची नोंद ठळक करून ठेवावी.

गटांची अदलाबदल करावी का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एलियटबाईंनी ती केली आणि आधी खालचे ठरलेले विद्यार्थी वर आल्यावर तितक्या क्रूरपणे वागले नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. मी मात्र अदलाबदल करत नाही. एकदा तुझी पाळी, एकदा माझी, असे झाले की मुले हिशेब फिटला असे समजतात, आणि ज्या भेदभावाबद्दल आपण बोलत आहोत त्यात पाळी बदलत नाही.

माझी चूक

सुरुवातीच्या काळात सिंधुदुर्गातल्या एका शाळेत मी या खेळात पाण्याचा नियम घातला होता. निळ्यांनी पिंपातले पाणी पेल्याने घ्यायचे आणि पिवळ्यांनी ओंजळ धरायची. त्यांना वरून पाणी घातले जाईल. त्या वेळी मला हा नियम फार प्रभावी वाटला होता. पिवळ्या गटातल्या दोन मुलींनी पाणी घेतलेच नाही, आणि त्यातली एक दिवसभर कोणाशी बोलली नाही. शाळेत भात शिजवणाऱ्या बाई दारातून हे पाहत होत्या. दुपारी त्यांनी मला बाजूला बोलावले आणि म्हणाल्या, “बाई, ह्यो खेळ नाय. माझ्या आवशीक असाच वरसून पाणी घालीत.” न बोललेली ती मुलगी त्यांची भाची होती.

चिठ्ठी आंधळी असते. जो घरात पिढ्यान्‌पिढ्या हे सोसत आला आहे, त्यालाही ती खालच्या गटात टाकते. मी त्या मुलीला काहीही नवीन शिकवले नव्हते. तिला जे आधीच ठाऊक होते, ते तिच्या मैत्रिणींसमोर तिच्याकडून पुन्हा करवून घेतले होते. मी त्या दोघींची माफी मागितली, आणि तेव्हापासून दोन नियम पाळते. पाणी, जेवण, स्पर्श, पादत्राणे आणि देवळाचा उंबरठा यांतली कोणतीही गोष्ट खेळात आणायची नाही. आणि वर्गशिक्षकांशी आधी बोलून, ज्या मुलांना अशा वागणुकीचा त्रास झालेला आहे त्यांना कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने निरीक्षकाची वही सोपवायची. नेपाळी राखणदारांची मुले, कातकरी मुले, नुकतीच दुसऱ्या राज्यातून आलेली मुले यांच्या बाबतीत हे विशेष सांभाळावे. ही मुले अनेकदा मोठ्यांपेक्षाही नेमके टिपतात.

चर्चा

खेळाला पंचवीस मिनिटे दिली असतील, तर चर्चेला किमान पन्नास मिनिटे राखून ठेवावीत. तेवढा वेळ नसेल तर खेळ घेऊच नये. अपमान करून मुलांना घरी पाठवणे हे शिक्षण नव्हे. फिती सर्वांनी स्वतः सोडाव्यात आणि सगळ्यांनी मिसळून गोल बसावे. ज्यांनी खेळ चालवला त्यांनी सर्वांत आधी स्पष्ट सांगावे की नियम मी ठरवले होते, ते अन्यायाचे होते आणि तुमच्या कामात काही कमी नव्हते. हे वाक्य मनातल्या मनात समजलेले असते असे धरून चालू नये. दोन तासांनंतरही ‘आमची जेट्टी खरंच वाईट होती का’ असे विचारणारी मुले मी पाहिली आहेत.

पहिला प्रश्न पिवळ्यांना विचारावा : तुम्ही कोणत्या क्षणी प्रयत्न सोडला? मग निळ्यांना : कात्री कमी आहे हे तुमच्या लक्षात कधी आले आणि लक्षात आल्यावर तुम्ही काय केले? बहुतेक निळे म्हणतात की त्यांच्या लक्षातच आले नाही. मला वाटते, सगळ्या चर्चेचे बीज या उत्तरात आहे. ज्याला टेबल मिळालेले असते, त्याला जमिनीवर बसलेला दिसत नाही. यानंतर कात्री सरकवणाऱ्या मुलाला बोलते करावे, पण त्याला वीर ठरवू नये. कात्री देताना त्याला कोणाची भीती वाटली, हे विचारावे.

शेवटची वीस मिनिटे आपल्या किनाऱ्यासाठी ठेवावीत. बोटीवरच्या खलाशाला, बागेतल्या राखणदाराला, बाजारात भाजी विकणाऱ्या परप्रांतीयाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो? मुलगी सावळी आहे हे घरात कोणत्या स्वरात सांगितले जाते? मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींनी शतकानुशतके या किनाऱ्यावर राज्य केले. मग आफ्रिकी चेहऱ्याचा माणूस दिसला की आपण रोखून का पाहतो? वंश आणि जात या गोष्टी एक नाहीत, हे इथे सांगायलाच हवे. जात कातडीवरून ओळखता येत नाही. परंतु माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून आधीच ठरवून ठेवणे दोन्हींत सारखेच आहे, आणि संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात वंश आणि जात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आहेत.

इतिहासासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने तीन वर्षे आधीच केला होता, तरी ते व्यवहारात खुले नव्हते. सत्याग्रहानंतर तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले आणि न्यायालयातला निर्णय यायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि वागणे यांतले अंतर मुलांना यातून नेमके कळते. दुसऱ्याच तारखेला, म्हणजे २१ मार्चला, जगभर वंशभेद निर्मूलन दिन पाळला जातो, कारण १९६० मध्ये त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल येथे, कृष्णवर्णीयांना सतत ओळखीचा पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मेली. या दोन तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहाव्यात.

महिन्याभराने

प्रात्यक्षिकाचा परिणाम त्याच दिवशी विचारू नये. त्या दिवशी सगळेच भारावलेले असतात. जाताना प्रत्येकाला एक लहानसे काम द्यावे आणि महिन्याने पुन्हा यावे. मी देते ते काम साधे आहे : तुमच्या वाडीच्या आसपास राखणीला किंवा बोटीवर आलेल्या एका माणसाचे पूर्ण नाव, गाव आणि घरी कोण कोण आहे, हे त्याच्याशी बोलून, त्याची परवानगी घेऊन लिहून आणा. त्याला प्रश्न विचारण्याआधी आपले नाव सांगा. मुलांनी हे कागद भिंतीवर लावू नयेत किंवा मोबाइलवर पसरवू नयेत. ते वर्गात वाचून परत द्यावेत.

हे काम मे महिन्यावर ढकलू नये. एका वर्षी आम्ही उशीर केला. मुले कागद घेऊन गेली तेव्हा शेवटच्या पेट्या भरून झाल्या होत्या, दोन बागांतल्या खोपी रिकाम्या होत्या आणि पाच महिने तिथे राहिलेल्या माणसांची नावे बागायतदारांनाही सांगता आली नाहीत. त्या दोन मुलांनी कोरे कागद परत आणून दिले.